भिंतीवर कुशल, मस्टरवर हेल्पर

प्रति,
भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा सगळ्या एमआयडीसींतल्या लहान-मध्यम वर्कशॉपांचे मालक

स. न. वि. वि.

शेठ,

मी फिटर. २००९ साली आयटीआय झालो, एक वर्ष अप्रेंटिस केली आणि २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं भोसरीत काढली. पहिली आठ वर्षं एका वर्कशॉपमध्ये, पुढची चार दुसऱ्या कंपनीत. आता पर्थजवळ एका दुरुस्ती कारखान्यात आहे. खाणीतले क्रशर, कन्व्हेयरच्या पुल्या, गिअरबॉक्स असलं अवजड काम येतं. इथवर पोचायला जेवढा उशीर झाला, त्यातला बराचसा एका कागदापायी, कामाच्या अनुभवाच्या पत्रापायी, झाला. तो कागद तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर होता, किंवा असायला हवा होता. नाव घेत नाही. नाव घेतलं तर बाकीचे म्हणतील, तो एकटाच तसला. तसं नाही, म्हणून पत्र सगळ्यांना.

ऑस्ट्रेलियाचा कुशल कामगारांचा व्हिसा मागायचा तर आधी 'स्किल्स असेसमेंट' करावी लागते. फिटर, टर्नर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक यांची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था करते, म्हणजे टीआरए. भारतातल्या माणसांसाठी बऱ्याच ट्रेडचं प्रत्यक्ष काम त्यांनी नेमलेल्या प्रशिक्षण संस्था बघतात. आधी कागद तपासतात. कागद पटले तर तुमच्या धंद्यातलाच जाणकार माणूस व्हिडिओवर मुलाखत घेतो, काही ट्रेडना प्रॅक्टिकलही असतं. इलेक्ट्रिशियनचं तर एवढ्यावरही भागत नाही. इथं आल्यावर लायसन्ससाठी वेगळं शिकावं लागतं.

मला मुलाखतीची भीती होती. इंग्रजी मोडकं. समोरचा माणूस पिकल्या केसांचा. त्याने विचारलं, मोटर आणि पंपाचं कपलिंग अलाइन करताना, म्हणजे एका रेषेत आणताना, डायल गेज लावलास, रीडिंग प्रत्येक वेळी वेगळं येतंय, काय बघशील? मी म्हटलं, आधी मोटरचे चारही पाय बघेन, एक पाय उचलत असेल, खाली फीलर घालून फट मोजेन, शिम म्हणजे पातळ पत्रा टाकेन, मग पुन्हा डायल. तो हसला. म्हणाला, सॉफ्ट फूट. मला इंग्रजी नाव माहीत नव्हतं, पण तुमच्याच शेडमध्ये मी हे पन्नास वेळा केलं होतं. पुढे बेअरिंग गरम करून बसवण्यावर बोललो, स्क्रेपिंगवर, म्हणजे पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करण्यावर, बोललो. निळं लावून ठिपके कसे वाचायचे, हे सांगताना माझे हात आपोआप चालू लागले तेव्हा त्याने लिहिणं थांबवून नुसतं ऐकलं. हुनर तपासणारा माणूस हुनर ओळखतो.

माझी गाडी अडली ती त्याच्या आधी, कागदांच्या टेबलावर.

त्यांना हवं असतं ते असं. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र. त्यात पूर्ण नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हुद्दा, आठवड्याचे तास, पूर्णवेळ की अर्धवेळ. काम काय केलं ते नीट: कोणती मशीन, कोणती हत्यारं, कोणते जॉब. खाली ज्याला ते काम ठाऊक आहे अशा माणसाची सही, त्याचा हुद्दा, फोन. आणि पगार खरंच मिळत होता याचा पुरावा: पे स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, टॅक्सचा कागद. गेल्या तीन वर्षांतलं निदान वर्षभराचं काम ताजं असावं लागतं. यात अन्याय्य असं मला काही दिसत नाही. तुम्हीसुद्धा नवीन सप्लायर धरताना याहून जास्त कागद मागता.

दुसऱ्या कंपनीत पीएफ होता, पगार बँकेत येत होता. तिथल्या एचआरमधल्या पोरीने दोन दिवसांत लेटर दिलं, तेही मी काय काय करतो ते मला विचारून. ती चार वर्षं धरली गेली.

पहिल्या आठ वर्षांसाठी मी शेठकडे गेलो. पेढे घेऊन गेलो होतो. शेठ प्रेमळ माणूस, हे आजही म्हणतो. माझ्या लग्नात अकरा हजारांची उचल दिली आणि नंतर कापली नाही. चहा झाला. मग म्हणाले, "अरे, लेटर कशाला पाहिजे? उद्या लेबर कोर्टात जाशील."

मी म्हटलं, "शेठ, मी देश सोडून चाललोय, कोर्टात कुठे जाऊ?"

"तू नाही जाणार. तुझं लेटर बघून दुसरा जाईल." आणि थोडं थांबून, "तसं तुझं नाव आमच्याकडे नाहीच. तू ठेकेदाराचा."

खरं होतं ते. आठ वर्षांत माझं नाव तीन ठेकेदारांकडे फिरलं. दर सात महिन्यांनी ब्रेक. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक मालकाला माहीत आहे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरून सलग सेवेचा हक्क लागू नये म्हणून मस्टरवरून नाव जायचं आणि माणूस मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच टेबलावर त्याच डायलसमोर उभा. टीआरएच्या टेबलावरून बघा आता. त्यांना दिसणार तीन वेगळ्या नावांच्या फर्म, मध्येमध्ये भोकं, एका फर्मचा पत्ता म्हणजे पत्र्याचं खोकं आणि हुद्दा सगळीकडे एकच: हेल्पर.

हेल्पर का, तर किमान वेतनाच्या नोटिफिकेशनमध्ये कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन दर असतात. अकुशल लिहिलं की दर कमी. एवढाच हिशेब. त्या वेळी आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही. हातात येणारे पैसे ओटी धरून बरे होते आणि बराच भाग रोखीत असायचा. मस्टरवर काय लिहिलंय हे बघायला कोण जातंय?

पण शेठ, तुमच्याच शेडमध्ये आणखी एक कागद होता, तो आठवतो का? असेंब्लीच्या भिंतीवर लावलेली स्किल मॅट्रिक्स. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिट असायचा तेव्हा ती पुसूनबिसून नवीन लावली जायची. डावीकडे आमचे फोटो, वर कामांची नावं आणि प्रत्येक चौकटीत चार खणांचं वर्तुळ. एक खण काळा म्हणजे शिकतोय. चारही खण काळे म्हणजे स्वतः करतो आणि दुसऱ्याला शिकवतो. अलाइनमेंट, स्क्रेपिंग, हायड्रॉलिक पायपिंग, बॉलस्क्रू बसवणे, माझी चारही वर्तुळं पूर्ण काळी होती. ऑडिटरला तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "हा आमचा टॉप फिटर." ऑडिटरने टिक केलं. तुम्हाला ऑर्डर मिळाली. त्याच दिवशी, त्याच छपराखाली, ऑफिसातल्या मस्टरमध्ये मी अकुशल होतो.

गिऱ्हाइकाला दाखवायला मी कुशल, सरकारला दाखवायला अकुशल. आणि मला स्वतःला कुठे दाखवायची वेळ आली तेव्हा मी कोणीच नाही.

जरा इकडेतिकडे बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. लोखंडाचा गोल आला की सोबत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट येतं, कार्बन किती, मँगनीज किती. ते फायलीत जातं. प्रत्येक व्हर्नियर, प्रत्येक मायक्रोमीटर वर्षाच्या वर्षाला कॅलिब्रेशनला जातो, त्याचं सर्टिफिकेट येतं, त्यावर स्टिकर चिकटवतात. माझ्या हातातल्या व्हर्नियरला दरवर्षी कागद मिळत होता. तो धरणाऱ्या हाताला आठ वर्षांत एकही मिळाला नाही.

त्याचा फटका किती बसला तो आकड्यांत सांगतो, कारण तुम्ही आकड्यांची माणसं. पॉइंटवाल्या व्हिसाला निदान ६५ पॉइंट लागतात, आणि प्रत्यक्षात बोलावणं यायला बहुतेकदा त्याहून जास्त. गेल्या दहा वर्षांतला परदेशातला अनुभव आठ वर्षं किंवा जास्त असेल तर १५ पॉइंट. पाच ते आठ असेल तर १०. तीन ते पाच असेल तर ५. माझे व्हायला हवे होते १५. कागदावर सिद्ध झाली चार वर्षं, म्हणून ५. वयाचे पॉइंट ३२ पर्यंत ३० असतात, ३३ पूर्ण झालं की २५. लेटर मिळेल, मिळेल म्हणून मी तुमच्या ऑफिसात जेवढे महिने चकरा मारल्या, तेवढ्यात २०२२ च्या नोव्हेंबरात मला तेहतीस पूर्ण झाली. आणखी ५ गेले. पुढे इथल्या एका कंपनीने स्पॉन्सर केलं म्हणून आलो. तसं नशीब सगळ्यांचं नसतं. माझ्यासोबतचा टर्नर, माझ्याहून हाताने सरस, अजून तिथेच आहे. हा शब्द तुम्हाला टोचावा म्हणून मुद्दाम लिहितोय: तिथेच, हेल्पर.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, पोरगं पळून जाईल म्हणून मालक लेटर देत नाही. मला ते पटत नाही. पळणारं पोरगं लेटरशिवायही शेजारच्या शेडमध्ये पाचशे रुपये जास्त घेऊन जातं. खरी भीती ही की लेटर म्हणजे कबुली. आठ वर्षं हा माझ्याकडे होता असं लिहून दिलं की ग्रॅच्युइटी आली. तेव्हाचा १९७२ चा कायदा, पाच वर्षं सलग सेवा, दहा माणसांवर लागू. मस्टरवर एकोणीसच माणसं ठेवली म्हणजे पीएफची वीसची अट चुकते, पण ग्रॅच्युइटीची दहाची चुकत नाही. माझा हिशेब मीच केला होता: शेवटचा बेसिक १४,००० धरला, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, होतात साधारण ६४,६०० रुपये. शेठ, त्या दिवशी मी तेवढ्यावर पाणी सोडून सही करून दिली असती. सोडायला नको होते, तो माझा हक्क होता हे आज कळतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत. ६४,६०० ची कबुली टाळण्यासाठी तुम्ही माझी आठ वर्षं पुसलीत.

तुमचीही गळचेपी होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कायदा म्हणतो लघुउद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत करा, आणि मोठी कंपनी तुम्हाला तीन-तीन महिने फोनवर ठेवते. पगाराच्या तारखेला तुम्ही वहिनींचे दागिने ठेवल्याचं आम्हाला कळलं होतं. वर्कशॉपमध्ये काही लपत नाही. तरी तुम्हाला पिळणाऱ्याशी तुम्ही कागदावरच भांडता ना? पर्चेस ऑर्डर, चलन, इन्व्हॉइस. तो कागद नसता तर तुम्हीही तीन महिन्यांनंतर "तुमचं नाव आमच्याकडे नाहीच" एवढंच ऐकलं असतं.

या पोकळीत कोण घुसलंय तेही बघा. खरं लेटर मिळत नाही म्हणून खोट्याचं दुकान चालतं. एजंट विचारतो, किती वर्षांचं पाहिजे? लेटरहेड, शिक्का, सही, फोन उचलणारा माणूस, सगळं पॅकेजमध्ये. ज्याने आठ वर्षं खरोखर काम केलंय तो पोरगा, आपण खोटं कुठे बोलतोय, खऱ्याचाच कागद बनवतोय, असं स्वतःला समजावून पैसे भरतो. पकडला गेला तर व्हिसा नाकारतातच, वर तीन वर्षं दार बंद. आणि पकडतात. पडताळणी होते, मालकाशी संपर्क करतात. मला भेटलेला एक वेल्डर तर खऱ्या लेटरवर अडकला होता. लेटर खरं, सही खरी. पण लेटरहेडवर रेडिफमेलचा पत्ता, त्याचा पासवर्ड तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटला माहीत. पडताळणीची ई-मेल तिथे जाऊन पडली. कोणी उघडलीच नाही.

कॉम्प्युटरवाल्यांचं आणि इंजिनिअरांचं असं होत नाही का? थोडं होतं. त्यांचं असेसमेंट वेगळ्या संस्था करतात, आणि मोठ्या कंपन्यांचे एचआर कामाचं वर्णन लिहून द्यायला कुरकुरतात. पण त्यांच्याकडे ऑफर लेटर असतं, पे स्लिप असते, फॉर्म १६ असतो. ते कागदात जन्मलेले. आम्ही मस्टरच्या मागच्या पानावर.

आता जर्मनीचं वारं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवण्याची भाषा झाली, भाषेचे वर्ग निघाले. चांगलंच आहे. पण तिथेही आयटीआयचं सर्टिफिकेट आणि अनुभवाचे पुरावे ताडून बघणारी माणसं बसलेली असतात. २०२४ पासून त्यांनी अनुभवावर व्हिसाची एक वाट काढली, तिलाही गेल्या पाच वर्षांतल्या निदान दोन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मंत्री करारावर सही करू शकतात, अनुभवाच्या पत्रावर नाही. ती सही तुमची. आणि जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक माणसाला मालकाकडून लेखी पत्र मागण्याचा कायद्याने हक्क आहे, साफसफाई करणाऱ्यालाही. त्यामुळे तिथल्या तपासणाऱ्याला हे समजावणंच अवघड, की एखाद्याने आठ वर्षं काम केलं आणि मालकाने ओळीचाही कागद दिला नाही. त्याला वाटतं, पोरगाच खोटं बोलतोय.

आपल्याकडेही आता पळवाट तितकी मोकळी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे, त्याच्या हुद्द्यासकट. अंमलबजावणी कशी होईल ते तुम्ही आणि इन्स्पेक्टर मिळून ठरवाल, त्याबद्दल मला भाबडी आशा नाही. पण नेमणूकपत्रात 'हेल्पर' टाइप करायला सांगाल, तेव्हा एकदा उठून भिंतीवरची मॅट्रिक्स बघून या. पत्रात तेच लिहा जे तिथे लिहिलंय. जास्त नको, कमीही नको. वेल्डरला फिटर करू नका, सहा वर्षांची आठ करू नका. खोट्या मेहरबानीने पोराचं नुकसानच होतं.

तुमच्यापैकी निम्मे स्वतः कामगार होते हे मला माहीत आहे. कोणी टेल्कोची अप्रेंटिस केली, कोणी बजाजमध्ये लाइनवर होता. टेल्कोचा अप्रेंटिस म्हटलं की त्या काळी कोणत्याही शेडचं दार उघडायचं, हे आमच्या शेठनीच आम्हाला किती वेळा सांगितलं. ते सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये गणपतीच्या शेजारी लावलं होतं. त्या कागदावर बँकेच्या मॅनेजरने विश्वास टाकला, गाळा मिळाला, पहिलं सेकंडहँड लेथ आलं. कागदाने माणूस कुठून कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

पोरांना एकच सांगतो, तेही थोडक्यात, कारण हे पत्र त्यांना नाही: पगार बँकेत मागा, पीएफचा यूएएन नंबर स्वतःजवळ ठेवा, ठेकेदार बदलला की जुन्याचा काहीतरी कागद घ्या आणि आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट एजंटच्या हातात देऊ नका.

शेठ, माझं लेटर आता मला व्हिसासाठी नको. तरीही ते मी लिहून ठेवलंय, माझ्यासोबतच्या टर्नरसाठी नमुना म्हणून. तो अजून तुमच्याकडे आहे, त्याला पस्तिसावं चालू आहे. माझ्याजागी त्याचं नाव घाला, काम त्याचं लिहा. मजकूर असा:

"सदर इसम दि. … जून २०१० ते दि. … मे २०१८ या काळात आमच्या कारखान्यात पूर्णवेळ फिटर म्हणून कामास होते. कामाचे तास आठवड्याला ४८, ओव्हरटाइम वेगळा. या काळात त्यांनी स्पेशल पर्पज मशीनची संपूर्ण जुळणी केली: बेडचं लेव्हलिंग मीटरला ०.०२ मिलिमीटरपर्यंत, स्लाइडवेचं हाताने स्क्रेपिंग, स्पिंडल व बॉलस्क्रूचं डायलने अलाइनमेंट, बेअरिंग बसवणं, डॉवेलिंग, हायड्रॉलिक पायपिंग, ट्रायल आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन उभारणी. ड्रॉइंग वाचून स्वतंत्रपणे काम करीत. हाताखाली दोन मुलं तयार केली. पगार काही काळ ठेकेदारामार्फत दिला गेला. काम मात्र सदैव आमच्या देखरेखीखाली, आमच्याच जागेत झालं."

शेवटचं वाक्य गाळू नका. खाली सही, शिक्का, तुमचा हुद्दा आणि असा फोन नंबर जो कोणीतरी उचलतं.

आपला,
एक जुना फिटर